दोन घंट्या दिल्याशिवाय

या, असे जवळ या. पाय मोकळे सोडून बसा, कुणालाच घाई नाही. तुम्हाला एका खोलीची गोष्ट सांगते. खोली होती तिथेच होती. तिच्या भिंती हलल्या नाहीत, दाराची कडी हलली नाही, आणि तरी ती खोली लांबच्या पाण्यापर्यंत जाऊन आली. देवाच्या दारी असं रोज घडत असेल. आपल्याकडे कधीतरीच घडतं, म्हणून सांगून ठेवायचं.

एक होता ड्रायव्हर आणि एक होती कंडक्टर. दोघं एकाच बसवर. त्या बसमध्ये छताखालून एक दोरी जायची, दोरीच्या पुढच्या टोकाला, ड्रायव्हरच्या कानाजवळ, पितळेची घंटी. दोरी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. ड्रायव्हरने मागे वळून बघायचं नाही, त्याचं काम पुढे बघायचं. सगळे चढले का, कुणाची पिशवी दारात अडकली का, एखादी आजी अजून पायरीवर आहे का, हे सगळं त्या दोन घंट्यांत आलं. न बघता विश्वास ठेवायचा आणि गाडी काढायची. गाणारे निरूपणकार तासन्‌तास आळवून भक्ती म्हणजे काय ते सांगतात. मला विचाराल तर ती त्या घंटीत सगळी होती.

त्यांचं लग्नही घंटीवरच ठरलं. एका संध्याकाळी शेवटचा प्रवासी उतरला, बस रिकामी झाली, आणि मागून घंटीच येईना. ड्रायव्हर आपला स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. शेवटी मागून आवाज आला, "अहो ड्रायव्हर, जन्मभर असेच बसणार की काही विचारणार?" त्याने विचारलं. मग दोन घंट्या आल्या, एकापाठोपाठ एक, नेहमीपेक्षा जरा जोरात.

नोकरी संपल्यावर दोघांनी भंगारात निघालेली एक छोटी बस घेतली आणि तिचं घर केलं. बाकडी काढून पलंग बसवला, बेसिन बसवलं, खाली पाण्याची टाकी, पलंगाखाली बॅटऱ्या, छतावर सोलरच्या पाट्या आणि वारा खेचणारा एक पंखा. पडदे तिने शिवले. दोरी आणि घंटी मात्र जुन्या बसवरून मागून आणली आणि होती तशी लावली. घरगाडीत दोनच माणसं, आणि तीही शेजारी शेजारी बसणारी. तरी ती हात वर करून दोरी दोनदा ओढायची, तेव्हाच तो गिअर टाकायचा. जवळपासचं सगळं फिरून झालं. एक मोठं तळं राहिलं होतं, ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही म्हणतात. "ते शेवटी ठेवू," ती म्हणायची. "गोड शेवटी."

मग तिची फुप्फुसं थकली.

खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. नाकात नळी आली. दिवसभर मशीनची एक संथ घरघर, आणि तिच्या खाली, नीट कान दिला तर, तिचं गुणगुणणं. तिचं स्वतःचं एक पद होतं, एकाच ओळीचं. दम पुरेल तेवढंच.

*हळू हाक, हाकणाऱ्या, वाट कुठे पळते…*

ओळ अर्धी झाली की थांबायची, श्वास घ्यायची, मग पुढची अर्धी.

ड्रायव्हर खुर्ची घेऊन तिच्या उशाशी बसला तो बसलाच. अंगणात घरगाडीवर पानं साचली. तो अंघोळीलाही उठेना. कोपऱ्यावर दुकानात पाठवलं तर दारात घुटमळायचा, पुन्हा आत येऊन विचारायचा, "जाऊ ना?" ती मान हलवायची तेव्हा पाऊल बाहेर.

एक दिवस तिने लेकीला जवळ बोलावलं. लेक दोन गल्ल्या पलीकडे राहायची, आणि तिचा धंदा लोकांची घरं शहाणी करण्याचा. म्हणजे दिवे, पंखे, पडदे, पाण्याच्या मोटारी, सगळं एका सॉफ्टवेअरला जोडायचं आणि ते सॉफ्टवेअर घर सांभाळतं. आईबाबांचं घरही तिने तसंच करून ठेवलं होतं.

"तुझ्या बाबांना एकट्याने निघता आलं पाहिजे," आई म्हणाली. "मी आहे तोवर. मला बघायचंय ते. नाहीतर मी गेल्यावर हा माणूस त्या खुर्चीतच वाळून जाईल."

"आई, असं काही…"

"बोलायला दम लागतो मला, रडायला वेळ घालवू नकोस. त्यांना तळ्यावर पाठव."

ड्रायव्हरला सांगितलं तर तो उसळलाच. "तुला इथे टाकून मी पाणी बघत बसू? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, बाई सुटली," ती म्हणाली.

"थट्टा नको. मी नाही जाणार."

तेव्हा लेकीला एक गोष्ट सुचली. बसल्या बसल्या तिने चहा गार होऊ दिला, मग म्हणाली, "बाबा, आईला नेता येत नसेल तर खोली नेऊ."

दुसऱ्या दिवशी ती तारांचं भेंडोळं घेऊन घरगाडीखाली शिरली. टाकीत पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर, बॅटरीला एक, छताच्या पंख्याला एक, आणि गाडीच्या कपाळावर, काचेच्या वर, उजेड मोजणारा एक डोळा, नखाएवढा. सगळ्यांच्या तारा एका डबीत. डबीत मोबाईलचं कार्ड, म्हणजे डबी जिथे असेल तिथून घराशी बोलणार. आणि घरच्या सॉफ्टवेअरमध्ये तिने घरगाडीची आणखी एक खोली केली. स्वयंपाकघर, बैठक, आईची खोली, घरगाडी. मग गाठ मारली: घरगाडीच्या डोळ्याला जेवढा आणि ज्या रंगाचा उजेड दिसेल तेवढाच, तसाच आईच्या खोलीतला दिवा पेटायचा, गाडीच्या छतावर वारा पंखा फिरवेल त्याच चालीने आईच्या डोक्यावरचा पंखा फिरायचा, आणि गाडीत पाणी किती उरलं, बॅटरी किती भरली, ते खाटेसमोरच्या टीव्हीच्या पडद्यावर.

"गाडी कुठे आहे ते पण दिसेल ना?" आईने विचारलं.

"ते नको," ड्रायव्हर म्हणाला. "मी काय पार्सल आहे, कुठवर पोचलं बघायला?"

लेकीने ते काढून टाकलं. आता हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अंगणात चाचणी झाली. ड्रायव्हर गाडीत दाढी करत होता. आईने आपल्या खाटेवरून घरातले सगळे दिवे घालवायची कळ दाबली आणि घरगाडीतही अंधार झाला. आतून ओरडणं ऐकू आलं. तो बाहेर आला तो अर्ध्या गालाला साबण.

"म्हणजे मी अंगणात असलो तरी घरातच?"

"तुम्ही कुठेही असलात तरी घरातच," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांनी कळलं का?"

लेकीने ती गाठ सोडवली. आता उजेड तिकडून इकडे यायचा, इकडून तिकडे काही जायचं नाही. त्या गडबडीत कुणाच्याच लक्षात आलं नाही की असं केल्यावर तिच्याकडून त्याच्याकडे जायला वाटच उरली नाही.

तो निघाला. गाडी फाटकातून बाहेर पडायला फार वेळ लागला. आत कुठेतरी क्लच दाबला जायचा, सुटायचा, पुन्हा दाबला जायचा. मग आवाज हळूहळू दूर गेला.

आणि खोली चालू लागली.

काय सांगू तुम्हाला. सकाळी तिचे डोळे उघडायच्या आधी दिवा राखी व्हायचा, मग मधासारखा, मग पांढरा. भर दुपारी खोली उजेडाने तुडुंब. पंखा कधी थबकायचा, कधी घाईत फिरायचा, कुणीतरी दाराशी येऊन परत गेल्यासारखा. ती पडून बघत राहायची. संध्याकाळी ड्रायव्हरचा फोन यायचा. हा माणूस जन्मभर "हं" आणि "बरं" वर निभावलेला. फोनवर मात्र त्याला वाचा फुटली.

"अगं, आज वाटेत नुसती फुलंच. पिवळी. रस्त्याच्या दोन्ही अंगाला."

"हो?"

"आणि एक डोंगर असा, अगदी झोपलेल्या म्हशीसारखा."

"म्हैस कुठल्या कुशीवर झोपली होती?"

"डाव्या," तो क्षणभर थांबून म्हणायचा.

मग एकदा म्हणाला, तळ्यावर पोचलो. पाणी म्हणे आरशासारखं. ती डोळे मिटून ऐकायची. लेकीला वाटायचं, आई सुखावली.

एका दुपारी लेक शेजारी बसून मोसंबी सोलत होती. खिडकीत ऊन होतं. तेवढ्यात एक ढग आला आणि खिडकी झाकोळली. त्याच क्षणी दिवाही झाकोळला. ढग गेला, खिडकी उजळली, दिवाही उजळला. पुन्हा एक ढग. पुन्हा दोन्ही एकदम.

आई खिडकीकडे बघत होती, मग दिव्याकडे, मग समोरच्या पडद्यावर, जिथे पाण्याची टाकी निघताना जेवढी भरलेली होती तेवढीच भरलेली दिसत होती.

"हा माणूस इतके दिवस तोंडही धुत नाही का गं?" तिने विचारलं.

लेकीच्या हातातली फोड तशीच राहिली.

"फोन लाव त्यांना."

फोन लागला. "अहो, तळ्यावर ढग आहेत का आज?"

"छे! लख्ख ऊन पडलंय. डोळे दिपतात."

दिवा मंद झाला. खिडकी मंद झाली.

"हो का," ती म्हणाली. "आणि आपल्या डेपोच्या कँटीनमधला चहा? अजून पाणचटच का?"

मग पलीकडून, लांबून पण स्पष्ट, कुणीतरी बस मागे घेताना शिट्टी मारत होता आणि "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता.

ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला, लेकीने पाठ चोळली, मशीनचा काटा वाढवला, तरी हसू थांबेना. पिवळी फुलं आणि म्हैस आणि आरशासारखं पाणी, सगळं त्याने जुन्या डेपोच्या मागच्या मैदानात, भंगार टायरांच्या ढिगाशेजारी बसून रचलं होतं. तोंड धुवायचा डेपोच्या नळावर.

संध्याकाळच्या आत घरगाडी अंगणात आली. ड्रायव्हर दारात उभा राहिला, चपला हातात घेतलेल्या, चोरी पकडलेल्या पोरासारखा.

"या, तळ्यावरून आलात," ती म्हणाली. "मासे आणले नाहीत?"

"बोल, काय बोलायचंय ते बोल."

"मी नाही बोलत. तुम्ही बोला. फोनवर छान बोलत होतात."

तो खुर्चीत बसला. मग तो खाली बघत म्हणाला, "डेपोपर्यंत गेलो. पुढे वळण आहे ना, मोठ्या रस्त्याला लागायचं. तिथे थांबलो. आणि मग हललोच नाही."

"का?"

"घंटी कुठे होती?"

लेकीने तोंड फिरवलं. आईच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं नाही, पण त्यात दुसरंच काहीतरी मिसळलं. तिने हात लांब केला. त्याच्या मनगटापर्यंत पोचला नाही, म्हणून तो पुढे सरकला.

"माझीच चूक," ती म्हणाली. "दोन घंट्या दिल्याशिवाय गाडी काढायला सांगितली. तुम्ही नेमाने वागलात."

मग लेकीकडे वळून, "इकडून तिकडे वाट कर. मला दोरी पाहिजे."

लेकीने घरगाडीच्या छताखाली, दोरी जिथे संपते तिथे, एक छोटी मोटार बसवली. मोटारीला दोरीचं टोक बांधलं. तार डबीत, डबी घराशी, घर आईच्या उशाशी ठेवलेल्या एका कळीशी. कळ दाबली की मोटार दोरी ओढणार. आवाज रेकॉर्ड केलेला नव्हता बरं. तीच पितळेची घंटी, तीच दोरी, फक्त ओढणारा हात खाटेवर. आईने करून बघितलं. अंगणातून टण्ण आलं. तिने डोळे मिटले. देव नावाचा जो कुणी मागच्या बाकावर बसून सगळं बघतो, तोही त्या वेळी जरा पुढे सरकून बसला असेल.

सकाळी ड्रायव्हर गाडीत चढला. या वेळी क्लचची चुळबूळ ऐकू आली नाही. तो स्टिअरिंगवर हात ठेवून, समोर बघत बसला होता. मागे वळून बघायचं नाही.

तिने कळ दाबली. मग पुन्हा दाबली.

गाडी निघाली. डेपोजवळच्या वळणावर थांबली असावी, कारण गाडी चालताना पडद्यावर चढत जाणारा बॅटरीचा आकडा अडखळला. ती ओळखून होती. तिने पुन्हा दोनदा दाबलं. आकडा चालू लागला.

आता खोली खरीच निघाली. खिडकीत ढग आणि दिव्यात ऊन. खिडकीत सामसूम आणि डोक्यावर पंखा असा गरगर, की खोलीतल्या कॅलेंडरची पानं उडायची. टाकी दिवसागणिक उतरू लागली आणि तिला त्याचा केवढा आनंद; "तोंड धुतलं बघ," ती लेकीला सांगायची. कधी संध्याकाळी तिला वाटायचं, फार चालवलं आज, की ती एकदाच कळ दाबायची. थोड्या वेळाने पंखा मंदावायचा. तो थांबला होता, कुठल्यातरी झाडाखाली.

फोनवर तो पुन्हा "हं" आणि "बरं" वर आला. त्यावरूनच तिला कळलं की तो खरंच जातोय.

आणि एका पहाटे असं झालं. लेक रात्री तिथेच झोपली होती. खिडकीबाहेर अजून समोरच्या इमारतीची काळी भिंत होती, तिच्यामागून सूर्य यायला अवकाश होता. पण खोली उजळायला लागली. आधी कळेल न कळेल अशी, मग केशरी. आणि मग तो दिवा थरथरू लागला. विझत नव्हता, बिघडला नव्हता. उजेड लहान लहान तुकड्यांनी हलायचा, वर जायचा, खाली यायचा, भिंतीवरून पसरत छताला लागायचा. लेक धडपडून उठली. "सेन्सर गेला वाटतं," म्हणून मोबाईल घ्यायला धावली.

"हात नको लावू," आई म्हणाली. "पाणी आहे ते."

लेक थांबली.

"त्यांनी गाडी अगदी काठाला लावलीय. ऊन पाण्यावर पडतंय आणि पाणी हलतंय." तिने श्वास घेतला. "केवढं आहे बघ. पलीकडचा काठच नाही."

दोघी त्या उजेडात बसून राहिल्या. छत, कपाट, औषधांच्या बाटल्या, मशीनची नळी, सगळं पाण्याखाली असल्यासारखं झुलत होतं. आईने गुणगुणायला घेतलं, आणि लेक शपथेवर सांगते की त्या दिवशी ती ओळ मध्ये कुठेही तुटली नाही.

*हळू हाक, हाकणाऱ्या, वाट कुठे पळते…*

फोन वाजला. "आलो," तो म्हणाला.

"माहितीये," ती म्हणाली. "मी पण."

तो परत आला. पुन्हा एकदा गेला, दुसऱ्या बाजूला, आणि पुन्हा आला. पुढचं थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला ते ठाऊकच आहे. तो घरी असताना, त्याच्या हातात हात असताना, ती गेली. शांतपणे गेली. मशीन बंद केल्यावर घर किती मोठं आहे ते कळलं.

पण जाण्याआधी तिने लेकीकडून एक काम करून घेतलं होतं. "गाडीच्या त्या डोळ्यावर सकाळचं ऊन पडलं की दोन घंट्या व्हायला हव्यात. आपोआप. मी गेल्यावर थोडे दिवस गप्प ठेव. त्यांना बसू दे. मग सुरू कर." लेकीने नियम लिहून ठेवला आणि बंद करून ठेवला.

ड्रायव्हर त्या खुर्चीत बसला. खाट रिकामी. घरगाडीवर पुन्हा पानं साचली. लेक रोज मोबाईल उघडायची, त्या नियमावर बोट न्यायची आणि मागे घ्यायची. एवढंसं बटण, पण तिचा जीव होईना. आईचा शेवटचा शब्द असा एकदा खर्च झाला की मग काय उरलं? मग एक दिवस ती आली, तर बाबा दाराच्या उंबऱ्यात उभे होते, हातात दुधाची पिशवी, बाहेर जायला निघालेले का बाहेरून आलेले तेच कळेना. खाटेकडे तोंड करून विचारत होते, "जाऊ ना?"

तिने बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या इमारतीवरून ऊन उतरलं, झाडांवर आलं, अंगणात आलं, पानांनी भरलेल्या गाडीच्या कपाळाला लागलं.

टण्ण. टण्ण.

तो बाहेर आला. बराच वेळ गाडीकडे बघत राहिला. लेक पायरीवर बसली होती.

"ही तुझी की तिची?" त्याने विचारलं.

"तिची. मी नुसती सोडली."

त्याने मान हलवली. खराटा घेऊन टपावरची पानं झाडली. टाकी भरली. चपला काढून आत चढला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. लेकीला वाटलं, आता तो पुन्हा घंटीची वाट बघणार, आणि ऊन तर पडून गेलं. पण त्याने वाट बघितली नाही. त्याला घंटी मिळाली होती. मागे न बघता त्याने गिअर टाकला.

तो अजून फिरतो. कुठे ते विचारू नका, तो काही पार्सल नाही. तिची खोली लेकीने जशीच्या तशी जोडून ठेवलीय. भर पावसात खिडकी काळवंडलेली असते आणि त्या खोलीत कुठलंसं ऊन पडलेलं असतं. कधी कधी पहाटे दिवा थरथरतो. लेक तेव्हा चहाचा कप घेऊन आत जाऊन बसते, पाण्यात पाय सोडल्यासारखी.

आता तुम्हीही उठाल, घरी जाल. जाता जाता एवढं करा. दार ओढून घेण्याआधी चौकटीवर बोटाने दोनदा वाजवा, हलकेच, आणि त्या कंडक्टरची आठवण काढा. सगळे चढले की नाही, ते तिने बघितलेलं असतं.